फर्म्यात उरलेली पानं

कुणी नवं पुस्तक हातात दिलं की मी ते मागून उघडते. देणाऱ्याला वाटतं, बाईंना मलपृष्ठावरचा फोटो बघायचाय. फोटोत बघण्यासारखं फारसं काही नसतं. लेखक कोट घालून उभा असतो आणि मागे पुस्तकांचं कपाट असतं. मी बघते ती शेवटची आठ-दहा पानं. तिथे सूची आहे का? अनुक्रमणिका नव्हे, ती पुढे असते. मागची सूची म्हणजे अकारविल्हे लावलेली माणसं, गावं, शब्द आणि त्यांच्यापुढे पानांचे आकडे. हल्ली ती नसते. वर ‘संशोधनपर ग्रंथ’ असं छापलेलं असतं, किंमत साडेपाचशे असते, संदर्भग्रंथांची यादी बारा-बारा पानांची असते, आणि सूची नसते.

मी मुद्रितशोधक आहे. १९८९ साली पुण्यातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचायला लागले तेव्हा खिळे होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. जुळारी उभ्यानं काम करायचे, गॅलीची लांबट प्रुफं ओलसर यायची आणि संध्याकाळी बोटांवरची शाई घासून काढायला लागायची. दोन-तीन वर्षांत खिळे भंगारात गेले. संगणक आले, श्रीलिपी आली, पुढे युनिकोड आलं, आणि दर बदलात जोडाक्षरांची नव्यानं वाट लागली. ते दुःख वेगळं, त्यावर पुन्हा कधीतरी.

छापखान्यात अण्णा होते. त्यांनीच मला सूची करायला शिकवली. पक्की प्रुफं आली की ती तिसऱ्यांदा वाचायची, या खेपेला चुका न शोधता. उद्या कुणी या पानावर काय शोधत येईल, तेवढंच डोक्यात ठेवायचं. तो शब्द चिठ्ठीवर लिहायचा, समोर पानाचा आकडा टाकायचा आणि चिठ्ठी साडीच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. पुस्तक संपलं की खोका सतरंजीवर उपडा करायचा आणि चिठ्ठ्या लावायच्या. हे काम डोकं पिकवणारं असतं. शाहू महाराज ‘श’त घालायचे की छत्रपती म्हणून ‘छ’त? ‘ज्ञ’ शाळेत शिकवतात तसा शेवटी घालायचा, की कोशातल्यासारखा ‘ज’च्या पोटात? अण्णा कोशाच्या बाजूचे होते, पण वाचक शेवटी शोधणार हेही त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते शेवटी ‘ज्ञ : ज पाहा’ अशी एक ओळ टाकत. ते म्हणायचे, ‘‘पाहुणा यायच्या आधी पाट मांडून ठेवायचा. तो आल्यावर शोधाशोध करायची नाही.’’

तेव्हा छापखान्यात संशोधनाची पुस्तकं वर्षाला चार-पाच यायची. एकेक पुस्तक सहा-सहा महिने चालायचं. लेखक स्वतः येऊन बसायचे, चहा प्यायचे, एका तळटीपेवरून अण्णांशी वाद घालायचे. प्रती हजार निघायच्या आणि त्या संपायला दहा वर्षं लागायची. पण संपायच्या. आता महिन्याला चार-पाच पुस्तकं माझ्या एकटीच्या टेबलावरून जातात, आणि माझ्यासारख्या बायका-माणसं पुण्यात पुष्कळ आहेत. प्रती असतात पन्नास. कधी पंचवीस.

हे कसं झालं ते मला एका प्रश्नातून कळलं. आधी प्राध्यापक मंडळी विचारायची, ‘‘कधी होईल?’’ मग एकदम विचारायला लागली, ‘‘मॅडम, आयएसबीएन आहे ना?’’ म्हणजे पुस्तकावर छापतात तो आंतरराष्ट्रीय क्रमांक.

तारीखच सांगायची तर जून २०१०. विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांचे नवे नियम काढले आणि त्यांत एपीआय नावाची गुणपद्धत आली. आयएसबीएन असलेलं स्थानिक प्रकाशकाचं पुस्तक १५ गुण, राष्ट्रीय पातळीवरच्या प्रकाशकाचं २५, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाचं ५०. अख्खं पुस्तक नसेल, संपादित ग्रंथातलं एक प्रकरण असेल, तर अनुक्रमे ३, ५ आणि १०. लेखक एकाहून जास्त असले तर ६० टक्के गुण मुख्य लेखकाचे, उरलेले ४० टक्के बाकीच्यांत वाटून. मला हे सगळं तोंडपाठ आहे, कारण त्या काळात माझ्याकडे येणारा प्रत्येक जण हे गणित माझ्यासमोर बोटांवर मोजायचा. एका सरांनी तर मला विचारलं होतं, की सहलेखकाचं नाव श्रेयपानावर लहान टाइपात घातलं तर चालेल का. चाळीस टक्क्यांचं नाव, चाळीस टक्के टाइप!

त्यात भर नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करून श्रेणी देणाऱ्या संस्थेची. नॅकच्या तिसऱ्या निकषात गेल्या पाच वर्षांत दर शिक्षकामागे किती पुस्तकं आणि प्रकरणं छापली गेली, हे कॉलेजला सांगावं लागतं. म्हणजे सरांना कॅससाठी, म्हणजे बढतीसाठी, पुस्तक हवं आणि प्राचार्यांना नॅकसाठी. नॅकची समिती यायच्या आधीचे दोन महिने आमच्याकडे लग्नसराईसारखे जातात.

मग परिसंवादांचे ग्रंथ आले. तालुक्याच्या गावी दोन दिवसांचा राष्ट्रीय परिसंवाद होतो. ऐंशी-नव्वद निबंध येतात, प्रत्येकाबरोबर नोंदणीची फी येते, आणि समारोपाच्या आधी ग्रंथाचं प्रकाशन व्हायलाच हवं असतं. निबंध चार पानांचे. पहिल्या पानावर नाव, पद, कॉलेज आणि प्रस्तावना. शेवटच्यावर समारोप आणि संदर्भ. मधल्या दोन पानांत विषय. अशा एका ग्रंथाची प्रुफं मी दोन दिवसांत वाचली आहेत. वाचली म्हणणं धाडसाचं होईल. नजर फिरवली.

आयएसबीएनबद्दल इथे थोडं सांगते, कारण त्या तेरा आकड्यांना आमच्या प्राध्यापकांनी जी प्रतिष्ठा दिली आहे ती देवाला मिळत नाही. १९७० पासून ही आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. आधी आकडे दहा होते, २००७ पासून तेरा झाले. भारतातल्या पुस्तकाला ९७८ नंतर ८१ किंवा ९३ येतं. नुसत्या ८१च्या पोटात एक कोटी क्रमांक मावतात, तरी पुढे ९३ जोडावा लागला. शेवटचा आकडा पडताळ्याचा. पहिल्या बारा आकड्यांतले विषम जागांवरचे तसेच घ्यायचे, सम जागांवरच्यांना तीननं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची, आणि शेवटचा आकडा मिळवून दहानं भाग गेला पाहिजे. हे मी बसच्या तिकिटाच्या मागे करते. एकदा एका पुस्तकाच्या क्रमांकाचा पडताळा बरोबर आला, तरी मला तो आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. घरी कपाटात शोधलं. त्याच प्रकाशकाच्या दोन वर्षं आधीच्या पाककृतींच्या पुस्तकाचा तो क्रमांक होता.

आणि हा क्रमांक म्हणजे गाडीची नंबरप्लेट. गाडी कुणाची ते कळतं, ती चालते का ते कळत नाही. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून तो आपल्याकडे फुकट मिळतो. अमेरिकेत एका क्रमांकाला सव्वाशे डॉलर पडतात. फुकट मिळणाऱ्या या आकड्यासाठी ‘आयएसबीएन चार्जेस’ म्हणून हजारो रुपये मोजलेली माणसं मी पाहिली आहेत. घेणाऱ्याचं नाव घेत नाही. एक असता तर घेतलंही असतं.

२०१८ साली नियम पुन्हा बदलले. आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १२ गुण, राष्ट्रीयला १०, प्रकरणाला ५. संपादकाला १० आणि ८. पुस्तकाच्या अनुवादाला ८ गुण मिळायला लागले, हे मला मनापासून आवडलं. पण त्या तक्त्यातून ‘स्थानिक’ प्रकाशक नाहीसा झाला. त्याचा परिणाम असा झाला, की माझ्या ओळखीचे तीन स्थानिक प्रकाशक एका रात्रीत राष्ट्रीय झाले. श्रेयपानावर पुण्याच्या पत्त्याखाली ‘नवी दिल्ली’ अशी एक ओळ आली. दिल्लीत कोण आहे, असं मी त्यांतल्या एकाला विचारलं. मेहुणा आहे, म्हणाला.

नक्की किती वाढली ही पुस्तकं? कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही, आणि कुणाला सांगता येईल असं वाटतही नाही. क्रमांक मोजावेत तर एकाच पुस्तकाची बांधीव प्रत, साधी प्रत आणि ई-बुक यांना वेगवेगळा क्रमांक लागतो. पुस्तक एक आणि मोजणीत तीन. ग्रंथालयात जाऊन मोजावीत तर १९५४च्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली इथल्या ग्रंथालयांत जायला हवी. मी तपासलेली कितीतरी पुस्तकं मुंबईपर्यंतसुद्धा गेलेली नाहीत. पन्नास प्रतींतल्या तीस सरांनी नेल्या, दोन फाइलीला लागल्या, एक प्राचार्यांना, एक मार्गदर्शकांना, उरलेल्या कॉटखाली. अण्णांच्या टेबलावर शंकर गणेश दात्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा जाड खंड असायचा. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची ती यादी. पुढे १९३८ ते १९५०चा दुसरा खंड. मराठीत छापलेलं सगळं आपण एकट्यानं नोंदवून ठेवू शकतो, असं तेव्हा एका माणसाला वाटलं आणि त्यानं ते केलं. आज नुसत्या एका विद्यापीठाच्या हद्दीतली एका वर्षाची पुस्तकं नोंदवायला कुणी निघालं, तर मी त्याला आधी जेवून घे म्हणेन.

अर्थात हे खूळ एकट्या आपल्याच माथी मारता येत नाही. इंग्लंडात १९८६ पासून ठरावीक वर्षांनी विद्यापीठांच्या संशोधनाची मोजदाद होते आणि त्यावर सरकारी पैसा ठरतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत इतिहास किंवा साहित्य शिकवणाऱ्याला कायमची नोकरी हवी तर नावावर पुस्तक लागतं. तिकडेही शीर्षकं वाढत गेली आणि प्रती घटत गेल्या. १९७०च्या आसपास विद्यापीठांच्या प्रकाशनसंस्था एखाद्या विषयग्रंथाच्या दीड-दोन हजार प्रती सहज काढत. २०००च्या पुढे चार-पाचशे खपल्या तरी समाधान मानायची वेळ आली. कारण तिकडची ग्रंथालयं. विज्ञानाच्या नियतकालिकांच्या वर्गण्या इतक्या वाढल्या, की पुस्तकांसाठीचा पैसा त्या खाऊन गेल्या. प्रती कमी म्हणून किंमत जास्त, किंमत जास्त म्हणून प्रती आणखी कमी. प्रकाशकानं यावर उपाय काय काढला, तर आणखी शीर्षकं. एकाच्या दोन हजार खपत नाहीत ना, मग चार काढू, प्रत्येकाच्या पाचशे. मागणीनुसार छपाई आल्यावर तर गोदामाचाही प्रश्न मिटला. फरक एवढाच, की तिकडच्या त्या महागड्या पुस्तकांना सूची असते. लेखकाला ती स्वतःच्या खर्चानं करून द्यावी लागते असं ऐकते, पण असते.

आपल्याकडेही होती की. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. सत्तेचाळीस वर्षं. विष्णु सीताराम सुखटणकरांसारखा संपादक मध्येच, १९४३ साली गेला. इतकं खपल्यावर माणसांनी हुश्श करून टाळं लावलं असतं तर कुणी बोल लावला नसता. पण तिथली माणसं पुन्हा बसली आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाखाली त्यांनी या आवृत्तीची प्रतीकसूची केली. श्लोकाचा एखादा चरण आठवत असेल, तर तो कुठे आहे ते सापडावं म्हणून. सहा खंड! मूळ ग्रंथ किती जण वाचणार याची खात्री नसताना त्यातला चरण शोधत येणाऱ्यासाठी सहा खंड. अण्णा हे सांगताना हात जोडायचे. मी तेव्हा हसायचे.

पण अण्णांच्या काळाचे गोडवे गाताना माझी जीभ थोडी अडखळते. ती चार-पाच पुस्तकं लिहिणारी माणसं कोण होती? बहुतेक आमच्या छापखान्यापासून चालत येण्याच्या अंतरावर राहणारी. त्यांची आडनावंही मोजकीच. १९९० साली जळगावला विद्यापीठ झालं, १९९४ साली नांदेडला, २००४ साली सोलापूरला, २०११ साली गडचिरोलीला. तिथे मार्गदर्शक आले, पीएच.डी.ला मुलं-मुली बसायला लागली. देशात २०१४-१५ साली १.१७ लाख विद्यार्थी पीएच.डी. करत होते, २०२१-२२ साली ते २.१३ लाख झाले. यांतले कितीतरी घरातले पहिलेच पदवीधर. ऊसतोडीच्या टोळीत वाढलेल्या मुलीनं ऊसतोड बायकांवर लिहिलेलं, पारावरच्या तमाशात ढोलकी वाजवणाऱ्याच्या पोरानं ढोलकीवर लिहिलेलं मी वाचलं आहे. अण्णांच्या टेबलावर हे विषय कधी आलेच नसते. आले असते तर त्यांनी शुद्धलेखन तपासून दिलं असतं, पण छापखान्याचा उंबरा ओलांडून ती माणसंच आली नव्हती. म्हणून वाढीला सरसकट नाकं मुरडणाऱ्यांचं आणि माझं जमत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. या मुलांना पुस्तक मिळतं, संपादक मिळत नाही. प्रबंध आहे तसा येतो. तसा तो ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचायला मिळतोच, मग पुस्तक करताना त्यात काहीतरी घडायला हवं की नाही? घडतं ते एवढंच, की संगणकावर ‘प्रबंध’ शोधून त्या जागी ‘ग्रंथ’ घालायचा. एका सहकारी बँकांवरच्या पुस्तकात अक्षरजुळणी करणाऱ्या मुलानं हे एका बटणात केलं. पुढची दोनशे पानं बँकेचे शाखा प्रबंधक ‘शाखा ग्रंथक’ झाले होते. शाखा ग्रंथकांनी कर्जवसुली केली, शाखा ग्रंथकांची बदली झाली, शाखा ग्रंथकांना प्रश्नावली भरून द्यायला वेळ नव्हता. मी लाल शाईनं सगळे परत प्रबंधक केले. तीन मी सोडलेच असणार, छापून आल्यावर दोन सापडले. लेखकाला ते कळलं नाही. कळवणारं कुणी नव्हतं. त्या पुस्तकाची पहिली ते शेवटची ओळ वाचलेली मी एकटी, असं मला अजूनही वाटतं. मार्गदर्शकांचं मी गृहीत धरत नाही.

अशी किती पुस्तकं असतील, ज्यांची एकमेव वाचक मी आहे? रात्री झोप लागली नाही की हा हिशेब मी करते.

तर २०१३ सालची गोष्ट. साक्री तालुक्याकडचे एक सर आले. हातात पिशवी, पिशवीत पेन ड्राइव्ह आणि घरच्या शेंगा. विषय फड बागायत. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुने बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षांपासूनचे. बंधाऱ्याचं पाणी पाटानं येतं, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडलेले असतात, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. यंदा या फडात ऊस तर पुढच्या साली दुसऱ्यात. पाणी ज्याचं त्यानं घ्यायचं नाही. त्यासाठी गावानं माणसं नेमलेली. पाटावरचा पाटकरी, शेतात पाणी धरणारा बारेकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. मोबदला पिकातून. सरांचे आजोबा पाटकरी होते.

पहिली तीन प्रकरणं नेहमीची. संशोधनाची गृहीतकं, संशोधनाची व्याप्ती, संशोधनाच्या मर्यादा. ती मी आता डोळे मिटून वाचू शकते. चौथ्यात मात्र मी हातातलं पेन खाली ठेवलं. सर गावोगाव फिरून म्हाताऱ्या पाटकऱ्यांशी बोलले होते आणि ते बोलणं त्यांनी अहिराणीतच ठेवलं होतं, खाली मराठीत अर्थ. एक म्हातारा सांगतो, रात्री पाटाच्या कडेला घोंगडीवर पडलं की पाण्याच्या आवाजावरून कळतं कुठला बारा फुटलाय. बारा म्हणजे पाटातून शेतात पाणी सोडायचं तोंड. फुटलेल्या बाऱ्याचा आवाज वेगळा, चोरून फोडलेल्याचा वेगळा. चोराच्या घाईचा आवाज पाण्याला लागतो, म्हणाला. साठ पानं असं होतं. पाण्याचे, मातीचे, पाळीचे शब्द, आणि यांतले बरेच शब्द मी कुठल्याही कोशात पाहिले नव्हते.

मी सरांना म्हटलं, ‘‘याला सूची करू या.’’

सर विचारात पडले. ‘‘सूचीला वेगळे गुण असतात का, मॅडम?’’

नसतात म्हटल्यावर ते संकोचानं म्हणाले, ‘‘मग राहू द्या ना. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे.’’

सर लबाड नव्हते, त्यांच्या मागे घाई होती. पाहुणा येणार असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, तर ते पाट कुठून मांडणार? मी खोका काढला. पैसे सांगितले नाहीत, वेळ सांगितला आठ दिवस, आणि सहा दिवसांत चिठ्ठ्या लावून झाल्या. ‘पाटकरी : नेमणूक, मोबदला, रात्रपाळी.’ ‘पाणी : आवाजावरून ओळखणं, १४९.’ ‘भांडणं : पाहा, पाळी.’

आता ती कुठे छापायची? प्रकाशकानं हिशेब आधीच केला होता. फर्मा म्हणजे एकदम छापून दुमडायचा मोठा कागद. डेमी आकारात एका फर्म्याची सोळा पानं होतात. पानं वाढली आणि नवा फर्मा चढला की कागद, प्लेट, बांधणी सगळं वाढतं. मजकूर होता २३४ पानांचा. पंधरा फर्म्यांची पानं २४०. म्हणजे शेवटी सहा पानं कोरी जाणार होती. ‘‘तेवढ्यात बसवा,’’ प्रकाशक म्हणाले, ‘‘सोळावा फर्मा मी लावणार नाही.’’ दोन रकान्यांत, दहा पॉइंटात, ती सहा पानांत चपखल बसली. मी त्या रात्री अण्णांच्या फोटोला हार घालण्याच्या बेतात होते.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांचा शुभसंदेश आला. फोटोसह. तो पुढे, ऋणनिर्देशाच्याही आधी घालणं भाग होतं. एक पान संदेशाचं आणि त्याची मागची बाजू कोरी, कारण अध्यक्षांच्या पाठीशी दुसरं काही छापायचं नसतं. दोन पानं गेली. सूचीला उरली चार. रात्री अकराला मी आणि अक्षरजुळणीचा मुलगा बसलो आणि सहा पानांची सूची आठ पॉइंटात, तीन रकान्यांत, चार पानांत कोंबली. मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं. पहाटे प्लेटा गेल्या, आठवड्यात तीनशे प्रती आल्या, सरांची मुलाखत झाली, पेढे आले.

हल्ली हेही उरलेलं नाही. पन्नास प्रती डिजिटलवर निघतात, तिथे सोळा पानांचा फर्माच नसतो. मजकूर संपतो तिथे पुस्तक संपतं.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज, जरा चिडलेला. ती जलसंधारणात एम.टेक. करत होती. कॉलेजच्या ग्रंथालयात तिला ते पुस्तक सापडलं होतं आणि श्रेयपानावरून अक्षरजुळणीवाल्याचा नंबर घेऊन, त्याच्याकडून माझा मिळवून तिनं फोन केला होता.

‘‘सूची तुम्ही केलीय का?’’

मी म्हटलं, हो.

‘‘ती चुकलीय. पाण्याचा आवाज पान १४९ लिहिलंय. तिथे नाहीये. पाटकरी १४३, तिथेही नाहीये. मी तीन-चार शब्द बघितले. एकही बरोबर नाही.’’

लेखकांनी मला फोन केले आहेत, नाव चुकलं म्हणून, पदवी गळली म्हणून, फोटो काळा आला म्हणून. इतक्या वर्षांत सूची चुकली म्हणून कुणाचा फोन आला नव्हता. मी कपाटातून माझी प्रत काढली, मागून उघडली, चष्म्यावर भिंग धरलं. १४९वर खरंच काही नव्हतं. मग डोक्यात उजेड पडला. त्या प्रकाशकाकडे पानांचे आकडे अगदी पहिल्या पानापासून सलग धरतात. अध्यक्षांचा संदेश पुढे घुसला तेव्हा आतली सगळी पानं दोन-दोननं पुढे सरकली, आणि आम्ही दोघं रात्री टाइप बारीक करण्यात इतके गुंतलो, की चिठ्ठ्यांवरचे आकडे जुनेच राहिले. बारा वर्षं ती सूची पहिल्यापासून शेवटपर्यंत चुकीची होती आणि हे कुणालाच कळलं नव्हतं.

‘‘प्रत्येक आकड्यात दोन मिळवा,’’ मी म्हटलं.

‘‘सगळ्याच?’’

‘‘सगळ्याच.’’

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. ‘‘हां. एकशे एक्कावन्न. मिळालं.’’ मग थोडं थांबून, ‘‘पण मॅडम, ‘बारा’ हा शब्द तुमच्या सूचीत नाहीच. मला तोच हवा होता. बारेकरी आहे, बारा नाही.’’

नव्हताच. मी टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी घेतली, तिच्यावर ‘बारा’ लिहिलं आणि तिला विचारलं, ‘‘तुला कुठल्या पानावर सापडला?’’